नमुन्याचा तंबू

अध्यक्ष पोहोचले तेव्हा तंबू उभा राहिला होता, कात्री ताटात तयार होती आणि सगळे त्यांच्या नावानं खडे फोडत होते. "जुनी इमारत पाडतोय, मशीनच बंद पडलं," असं म्हणत त्यांनी बुटांवरची धूळ हिरवळीवर झटकली आणि फीत कापली.

क्लबची ही रीतच होती. दूर कुठल्या देशात भूकंप झाला, लढाई पेटली, की तिथल्या बेघरांसाठी इथून तंबू जात. त्याआधी एक नमुन्याचा तंबू आवारात लावायचा आणि सदस्यांपैकी एका कुटुंबानं आठवडाभर त्यात राहून दाखवायचं. लोक येत, हळहळत, देणगीच्या पेटीत काहीतरी टाकून जात. राहायचं म्हणजे संध्याकाळी खुर्च्या टाकून बसायचं आणि अंधार पडला की गाडीत बसून घर गाठायचं. मागच्या वर्षी हे कष्ट अध्यक्षांनी उपसले होते, कुत्र्यासकट.

या वर्षी छापखानेवाला आपणहून पुढे आला. क्लबची पत्रकं स्वस्तात छापून देतो म्हणून त्याला नुकतंच सदस्य करून घेतलं होतं. सभेत तो मागच्या रांगेत बसायचा आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवायचा.

पण त्यानं कमालच केली. म्हातारी आई, बायको, शाळेत जाणारी मुलगी, सगळे खरोखरच तंबूत मुक्कामाला आले. दोरीवर गणवेश वाळू लागला. खांबाला भिंतीवरचं घड्याळ लटकलं. आजीच्या उशाशी औषधांचा डबा आला, कोपऱ्यात शिवणयंत्र आलं. बघणाऱ्यांची रीघ लागली.

"किती बारकाईनं केलंय," एक बाई म्हणाल्या. त्यांनी मुलीसमोर वाकून विचारलं, "तुमचं घर कुठं गेलं गं, बाळ?"

"पाडलं," मुलगी म्हणाली.

"कुणी?"

मुलीनं बाबांकडे बघितलं. ते सतरंजी झटकत होते.

"माहीत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा पाढे लिहायला लागली.

बाईंचे डोळे भरून आले. पेटी दुपारीच भरली. अध्यक्ष लांबून बघत होते. "चांगलं पढवलंय पोरीला," ते पुटपुटले.

शेजारी दातांचे डॉक्टर उभे होते. अध्यक्षांच्या कानाशी लागणं हा त्यांचा जोडधंदा होता. "ताकाला जाऊन भांडं लपवतोय तो," ते म्हणाले. "रविवारी निवडणूक आहे. त्याला तुमची खुर्ची हवीय."

अध्यक्षांनी तंबूसमोरची माणसं मोजली. ही खुर्ची पुन्हा मिळाली तर परदेशातल्या मोठ्या परिषदेला व्यासपीठावर बसायचं होतं. त्यासाठी नवा सूट शिवायलाही टाकला होता. आणि हा शाईच्या बोटांचा माणूस एका सतरंजीवर ते सगळं पळवणार? त्यांना त्याचा मनापासून राग आला.

शनिवारी संध्याकाळी ते तंबूपाशी गेले. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"अरे, भाडेकरूंचं मला कशाला सांगतोस? त्यांच्यासाठीच तुला ठेवलंय ना?" ते फोनवर म्हणाले. "पर्यायी जागा मिळेल म्हणावं, कागद होऊ देत. तोवर राहा म्हणावं पाहुण्यांकडे. प्रत्येकाला कुणी ना कुणी असतंच."

छापखानेवाला समोर चादरीची घडी घालत होता. घातलेली घडी त्यानं मोडली आणि पुन्हा घातली.

"साहेब, एक बोलायचं होतं," तो म्हणाला.

"मलाही. आडपडदा नको. काय हवंय तुम्हाला?"

छापखानेवाल्यानं बायकोकडे बघितलं. ती मान खाली घालून भाजी चिरत होती.

"हा एक तंबू पुढच्या खेपेला गेला तर चालेल का? आणखी थोडे दिवस राहू दे इथं."

अध्यक्षांना हसू आलं. डॉक्टरांचं निदान एकदाचं खरं ठरलं होतं.

"तिकडं लोक उघड्यावर झोपलेत हो," ते आवाज चढवून म्हणाले, आसपासच्यांना ऐकू जाईल असा. "आणि तुम्हाला हौसेसाठी तंबू अडवायचाय? जनाची नाही तर मनाची तरी ठेवा."

छापखानेवाल्याची मान खाली गेली. आजीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

रविवारी सकाळी तंबू उतरवला. खाली पिवळं पडलेलं चौकोनी गवत राहिलं. टाळ्यांच्या गजरात ट्रक हलला. मग सभा झाली. कुणीच उभं राहिलं नाही आणि अध्यक्ष बिनविरोध निवडून आले. आपण वेळीच कान उपटले, असं त्यांना वाटलं.

बाहेर आले तर छापखानेवाल्याचं बिऱ्हाड फाटकाशीच होतं. आजी शिवणयंत्राला टेकून बसली होती. जिंकलेल्या माणसाचं मन मोठं होतं, अध्यक्षांचंही झालं.

"वहिनी, आठवडाभर फार सोसलंत," ते म्हणाले. "माझी गाडी घेऊन जा. आता घरी जाऊन छान पाठ टेका."

"अहो, नको," छापखानेवाला म्हणाला.

"नको काय? ड्रायव्हर, यांना घरापर्यंत सोडून ये. सामान तू उचलायचंस. ते सांगतील तिथं."

अध्यक्षांचा हार अजून गळ्यातच होता तेवढ्यात ड्रायव्हर परत आला. किल्ली देताना त्यानं वर बघितलं नाही.

"सोडलंस घरी?"

"सोडलं, साहेब. आपल्या साइटवर. मशीन चालू होतं, म्हणून सामान पत्र्याच्या कुंपणाबाहेर ठेवलं."