देखणं गाजर

डॉक्टरांनी विचारलं, "हिला कच्चं काय खायला देता?" माझ्या लेकीला नुकतीच पुन्हा फिट येऊन गेली होती.

"गाजर. पण धुतलेलं असतं, साहेब."

आमच्या मळ्यातला चांगला माल बाजारात जातो, वेडीवाकडी गाजरं घरी राहतात. घरची चार मी हापशावर धुते. बाजारची टोपली मात्र गावाच्या सांडपाण्याच्या नाल्यात खळबळून काढते. गाजरं झटक्यात चकाकतात.

दोन वर्षांपूर्वी लेक रुसली होती. "मला नेहमी वाकडंच का?" तेव्हापासून टोपलीतलं सगळ्यात देखणं गाजर तिचं.

"भाजीवरची जंताची अंडी पोटात गेली. आता मेंदूत गाठी झाल्यात," डॉक्टर म्हणाले. "धुता कुठं?"



लेकीनं डोळे उघडले. हळूच म्हणाली, "आई, घरी गेल्यावर चकचकीत गाजर देशील ना?"