दसऱ्याचा फोटो

"मी बसलो की बरं पळतं!" म्हणत शेठ लोडरवरून उतरले. मी बसले की मात्र ट्रॅकचे पट्टे ढिम्म हलत नव्हते. हायड्रॉलिक ऑइल बदललं, फिल्टर बदलला, पंपही उघडून झाला. आता ऑपरेटरला, म्हणजे मलाच, बदलायचं चाललं होतं.

वैतागलेल्या मिस्त्रीनं सीट उचलली. "खालचा हा स्विच वजनानं दबला तरच ट्रॅकचं लॉक सुटतं. सीट एवढी कडक कुणी केली?"

दसऱ्याला पूजा झाल्यावर फोटोसाठी शेठच नॉब पिळून, सीट आपल्या वजनाला कडक करून ऐसपैस बसले होते. मी तसं सांगितलं.

"म्हणजे मशीन ठणठणीत आहे!" शेठ हसले. "तूच जरा जेवत जा, बाई."

मी नॉब सैल केला, बसले आणि लोडर थेट त्यांच्या रोखानं काढला.

"सरका शेठ, मी बसले तरी पळतं आता!"