गुरुवारचं धुणं

"हे बघ! बघ हे!"

सिग्नेनं धुण्याच्या मशीनच्या दाराच्या रबरात घातलेलं बोट बाहेर काढलं आणि थेट यालमारच्या नाकासमोर धरलं. बोटाला काळा, बुळबुळीत थर लागला होता.

"काय आहे हे?"

"बुरशी," यालमार म्हणाला.

"शाब्बास! नाव तरी बरोबर आलं. आणि ती आली कुणामुळे?"

यालमार आपल्या निळ्या टोपीशी चाळा करत राहिला.

स्वीडनमधल्या कार्लस्टाड शहरातल्या त्या जुन्या इमारतीत घरोघरी मशीन नव्हतं. तळघरात सगळ्यांचं मिळून एक धुणीघर आणि प्रत्येकाचा वार ठरलेला. यालमारचा गुरुवार. तो इथे राहायला आला आणि शुक्रवारवाल्यांच्या टॉवेलांना ओल्या फडक्यासारखा कुबट वास मारायला लागला. चोर शोधायला फार अक्कल लागली नाही.

त्याला सुधारायचं काम सिग्नेनं आपणहून अंगावर घेतलं होतं. तिचा जन्म शाळेत शिकवण्यात गेला होता. शिकवून येत नाही असा माणूस या जगात नाही, हे ती छातीठोक सांगायची. यालमार मात्र तिची परीक्षाच बघत होता.

"पुन्हा सांगते. हे मशीन पाणी कमी घेतं. म्हणून पावडर किती?"

"थोडी."

"मग तू मापं भरभरून का ओततोस? फेस धुतलाच जात नाही, आत चिकटून बसतो, त्यावर ही बया वाढते! आणि धुणं झाल्यावर दार?"

"उघडं."

"आणि पावडरीचा कप्पा?"

"तोही उघडा. वारा लागू दे."

"अरे, सगळं तर येतंय तुला! मग करताना काय होतं?"

"विसरतो गं," तो खाली बघत म्हणाला.

सिग्नेनं कपाळावर हात मारला. मग ती फिल्टर उघडायला वाकली, तर त्याच्याखाली गळणारं पाणी झेलायला पसरट ताटली आधीच ठेवलेली. निदान एवढं तरी डोक्यात शिरलं म्हणायचं!

"तू नोकरीत करायचास तरी काय?" तिनं विचारलं.

"नवख्यांना शिकवायचो."

"तू? शिकवायचास?" सिग्ने खो खो हसली. "काय झालं असेल रे त्या बिचाऱ्यांचं!"

यालमारही हसला. मग नेहमीप्रमाणे त्यानं थर्मास काढला, वेलचीचे पाव काढले. पाव तो स्वतः भाजायचा आणि ते मात्र पहिल्या दर्जाचे व्हायचे. धुण्याच्या बाकावर बसून दोघं कॉफी प्यायले. सिग्नेला हे फार आवडायचं. तिचा नवरा गेल्यापासून घरात चमचा पडला तरी ती दचकायची, आणि सोमवार उजाडला की गुरुवार कधी येतो असं तिला व्हायचं. हे ती यालमारला मरेपर्यंत सांगणार नव्हती.

तेवढ्यात सोसायटीचा अध्यक्ष स्टुरे जिना उतरून आला. त्यानं दारातच नाक मुरडलं.

"आज कंपनीची मेकॅनिक येतेय. आणि यालमार, लोकांनी माझं डोकं खाल्लंय. तुझी धुणीघराची किल्ली आता काढून घेतो. शहरात धुलाईची दुकानं आहेत, तिकडे जा."

यालमारचा चेहरा उतरला. सिग्ने ताडकन उठली.

"असा कसा काढून घेतोस? मी शिकवतेय ना त्याला!"

"केव्हापासून शिकवतेयस!"

"पोरगं नापास झालं म्हणून मी कधी शाळेतून हाकललं नाही. किल्ली माझ्याकडे दे. दर गुरुवारी मी इथे उभी राहीन."

स्टुरेनं खांदे उडवले. "ठीक. वास आहे तोवर तू उभी राहा. वास गेला की किल्ली त्याची त्याला, आणि तू मोकळी."

मोकळी हा शब्द सिग्नेला अजिबात आवडला नाही. पण किल्ली तिनं खिशात टाकली.

बाहेर मेकॅनिकची गाडी थांबल्याचा आवाज आला, तसा यालमार घाईघाईनं उठला. "ओव्हनमध्ये काहीतरी राहिलंय," असं पुटपुटत तो मागच्या दारानं सटकला. स्टुरेही वर निघून गेला.

मेकॅनिक तिशीतली हसरी मुलगी होती. तिनं मशीन सगळं उघडून पाहिलं आणि भुवया उंचावल्या.

"गंमत आहे. बुरशी फक्त रबराच्या बाहेरच्या घडीत. आतला ड्रम, पाइप सगळं लख्ख. कुणीतरी निगुतीनं सांभाळलंय." तिनं रबर पुसलं, मशीन रिकामंच खूप गरम पाण्यावर फिरवलं आणि दार सताड उघडं ठेवलं. "आता एवढंच करा. पावडर थोडी, दार उघडं, वारा लागू दे. पुढच्या गुरुवारी वासाचं नावही राहणार नाही."

"अगदी हेच मी त्याला सांगते!" सिग्ने म्हणाली. "तो बघ, आता कुठे बाहेर निघालाय. पण त्या ठोंब्याच्या डोक्यात शिरेल तर शपथ!"

मुलीनं तळघराच्या खिडकीतून वर पाहिलं. अंगणातून निळी टोपी लगबगीनं चालली होती.

"अहो, तो तर यालमार!" ती आनंदानं ओरडली. "आम्हा सगळ्या मेकॅनिकांना मशीन उघडायला त्यानंच शिकवलं! पावडर थोडी, दार उघडं, वारा लागू दे, हे त्याचंच वाक्य. झोपेत विचारा, आम्ही म्हणून दाखवू!"

मेकॅनिकची गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत सिग्ने खिडकीशी उभी राहिली. मग ती मशीनपाशी आली, पावडरीचं माप काठोकाठ भरून कप्प्यात ओतलं आणि दार ढकलून घट्ट लावून टाकलं.