हात हवेतच!

डायनासोर मेलेच नसते, तर त्यांच्यातला बुद्धिमान प्राणी आज कसा दिसला असता? कॅनडात आल्बर्टातल्या एका संग्रहालयासाठी शिल्पकार दार्काने चार महिने खपून त्याचा पुतळा घडवला होता. अंगभर पिसं, भक्कम चोच, लांबलचक शेपटी.

संग्रहालयाचा नवा संचालक लॉयड याने त्याला एका नजरेत निकालात काढलं.

"हा कसला बुद्धिमान? नुसता पक्षी आहे! शेपटी काप, पिसं उपट, ताठ उभा कर. आणि त्याला माणसासारखे हात बसव."

"लॉयड, डायनासोरांचे वंशज पक्षीच आहेत. माणसं नव्हेत."

"मला शिकवू नकोस. हातांशिवाय साधा डबा तरी उघडता येईल का त्याला?"

दार्काच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण नोकरी होती. तिने दातओठ खात करवत उचलली आणि स्वतः घडवलेली शेपटी स्वतःच कापायला घेतली. निम्मी कापून होते न होते तोच बाहेरून लॉयडचा आरडाओरडा ऐकू आला आणि ती बाहेर धावली.

कड्या लावलेला जेवणाचा डबा बाकावर ठेवून तो कॉफी आणायला गेला होता. आता डब्याच्या दोन्ही कड्या उघड्या होत्या आणि एक मॅगपाय पक्षी, लांब शेपटी नाचवत, त्याच्या सँडविचमधलं हॅम तेवढं वेचून खात होता.

"बघत काय उभी राहिलीस? हाकल त्या बिनडोक पाखराला!"

करवत हातात तशीच धरून दार्का कडाडली,

"हाकलू कशाला? त्याला अजून हात बसवायचे राहिलेत ना!"