नवा व्हिलन

"चीज कमी टाक म्हटलं होतं ना तुले?" गुणवंतरावांनी पिझ्झाचा तुकडा ताटलीत आपटला.

निकेशने काउंटरमागून नुसती मान हलवली. वडसा स्टेशन रोडवर त्याचं हे सहा टेबलांचं दुकान, आणि गुणवंतराव रोजचं गिऱ्हाईक. नाटकाच्या तालमीला एक वाजता अर्ध्या तासाची सुट्टी व्हायची. तेवढ्यात पोटात काहीतरी ढकलायचं आणि परत जाऊन नटांवर ओरडायचं, हा दिवाळीपासूनचा क्रम. आज मात्र ते सकाळपासूनच पेटलेले होते.

कारणही तसंच होतं. मंडईच्या जत्रेतला पहिला प्रयोग चार दिवसांवर आला होता आणि व्हिलन पळाला होता. दुसऱ्या नाटक कंपनीने त्याला फोडलं. 'बांगड्यांचा सूड' हे नाटक गुणवंतरावांनी स्वतः लिहिलेलं, स्वतःच बसवलेलं. व्हिलन नाही तर प्रयोग नाही, आणि पहिलाच प्रयोग बुडाला तर पुढच्या गावांनी त्यांना दारातही उभं केलं नसतं.

मॅनेजरने फोनाफोनी करून मूल गावचा कोणी श्रीहरी ठरवला होता. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला त्याचा फोटो डाकूच्या मेकअपमधला, अर्धं तोंड दाढीमिशीतच गेलेलं. तो दुपारच्या गाडीने उतरणार होता. म्हणून गुणवंतरावांनी हिरोईनला, चंचलला, स्क्रिप्ट देऊन आधीच इथे पाठवलं. माणूस आला की तिसऱ्या अंकातला प्रवेश वाचून घ्यायचा, वेळ घालवायचा नाही.

ही चंचल मुलचेऱ्याकडची, दोन महिन्यांपासून कंपनीत. काम यथातथाच, नखरे मात्र फार. पोस्टरवर माझा फोटो नको म्हणे! हिरोईनशिवायचं पोस्टर पाहून तिकीट कोण काढणार? गुणवंतरावांनी तिचाच फोटो सगळ्यात मोठा छापला आणि पार मुलचेरा, एटापल्लीपर्यंत लावून टाकला.

ते दुकानात शिरले तेव्हा खिडकीजवळच्या टेबलावर प्रवेश सुरूही झाला होता. दिग्दर्शक समोर दिसला की नवा नट बिचकतो, म्हणून ते मुद्दाम मागच्या कोपऱ्यात बसले.

"चार महिने झाले," चंचलसमोरचा माणूस म्हणत होता. आवाज चढलेला नव्हता. "तुह्या मायच्या घरी पाह्यलं. बहिणीच्या गावाले जाऊन आलो. अन् तू इथी पिझ्झा खाऊन राह्यली?"

गुणवंतरावांनी कपाळाला हात लावला. त्यांनी लिहिलं होतं, 'निर्लज्ज स्त्रिये, तुझ्या शोधात मी दाही दिशा पालथ्या घातल्या!' प्रसंग तोच, व्हिलन, म्हणजे गावचा दारुडा जमीनदार मालगुजार, पळून गेलेल्या बायकोला गाठतो तो. पण भाषा पार घरगुती करून टाकलेली. पहिल्याच दिवशी याने लेखकाला सुधारायला घेतलं होतं.

तरी त्यांचा हात पिझ्झाकडे गेला नाही. माणूस रोडका होता, दिसायला अगदीच साधा. नजर मात्र चंचलवरून हलत नव्हती.

"मी येत नाई," चंचल म्हणाली.

"तुले विचारलं का मी?"

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढून टेबलावर आपटला. तिसऱ्या अंकात मालगुजाराला बायकोचं पत्र सापडतं, ते हे. पण रंगीत, चकचकीत कागद! पत्र असं असतं का? गुणवंतरावांनी ही चूक मनात नोंदवून ठेवली. चंचलने कागद पाहिला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

निकेश काउंटर सोडून त्यांच्याजवळ आला. "सर, तो त्या बाईले मारते का काय? मी जाऊ का मधात?"

"गपचूप राह्य," गुणवंतराव गुरगुरले. "तालीम होय ते. माह्या कंपनीचेच दोघं."

"मले तं खरंच वाटलं."

"वाटलंच पायजे. तेच तं काम हाये आमचं."

निकेश ओशाळून परत गेला.

त्या माणसाने चंचलचं मनगट धरलं. खुर्ची मागे पडली. तेव्हा कुठे तिची नजर कोपऱ्याकडे गेली.

"सर!" ती ओरडली. "सांगा ना याले! मले नाई जाचं!"

गुणवंतरावांच्या मस्तकात तिडीक गेली. प्रवेश मध्येच तोडायचा नाही, वाक्य विसरलं तर रेटून न्यायचं आणि दिग्दर्शकाकडे तर पाहायचंच नाही, हे त्यांनी दोन महिने घोकून घेतलं होतं.

"माह्याकडं काय पाहून राह्यली? त्याच्याकडं पाह्य!" ते बसल्या जागेवरून खेकसले. "अन् तू रे, चालू दे तुह्यं. थांबू नको."

तो माणूस क्षणभर गोंधळला. मग त्याने गुणवंतरावांना हळूच मान लववली, वडीलधाऱ्याने बाजू घेतल्यावर लववतात तशी. चंचलचं तोंड उघडंच राहिलं. त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही.

तिचं ते गप्प होणं पाहून गुणवंतरावांच्या अंगावर काटा आला. घसा फोडफोडून त्यांना जे जमलं नव्हतं, ते या माणसाने पाच मिनिटांत काढून घेतलं होतं. लेकाचा सोनं आहे सोनं! वाक्यं बदलतो तर बदलू दे. प्रयोग वाचला. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना हसू आलं.

माणसाने तिला ओढतच बाहेर नेलं. रस्त्यावर एक जण मोटारसायकल चालू करून थांबला होता. तिला दोघांच्या मध्ये बसवून गाडी आरमोरी रोडला लागली. तालमीचा हॉल तिकडेच होता. गुणवंतराव दारात उभे राहून टाळ्या वाजवत राहिले, आणि त्यांचं पाहून निकेशनेही वाजवल्या.

तेवढ्यात फोन वाजला. नंबर अनोळखी होता.

"सर, मी श्रीहरी बोलून राह्यलो, मूलवाला. आमची गाडी सिंदेवाहीलेच उभी हाये. त्या हिरोईनबाईले सांगा, जेवून घ्या म्हणा. मले यायले चार वाजते."