धुळीचा एक कण

तिच्या नवऱ्याच्या मते जगातले सगळे गॅरेजवाले गाढव होते. म्हणून गाडीच्या एसीचा फिल्टर गेल्या वर्षी साहेबांनी स्वतः घरीच बदलला होता, आणि त्याचं कौतुक येईल जाईल त्याला ऐकवून झालं होतं.

तेव्हापासून त्या गाडीत तिच्या बाबांचा जीव घुसमटायचा. हवाच लागत नाही म्हणून त्यांनी बिचकत काच जराशी खाली केली, की पुढून टोमणा यायचा, "बाबा, एसी आहे हा, टेबलफॅन नाही. जन्म स्कूटरवर गेला तुमचा, तुम्हाला काय कळणार!" शेवटी त्यांनी जावयाच्या गाडीत बसणंच सोडलं. लेकीकडे यायचे ते बसने.

आज पुन्हा फिल्टर बदलायचा होता. ती टॉर्च धरून उभी. साहेबांनी डॅशबोर्डचा कप्पा खोलला, आत हात घालून, घामाघूम होत, गेल्या वर्षीचा फिल्टर बाहेर ओढला. पांढराशुभ्र! तो तिच्या नाकासमोर नाचवत ते म्हणाले, "बघ! वर्षभरात धुळीचा एक कण नाही. याला म्हणतात गाडी ठेवणं. दाखव नेऊन तुझ्या बाबांना!"

तिने टॉर्च फिल्टरच्या अगदी जवळ नेला.

"दाखवते की," ती म्हणाली. "फक्त त्याच्यावरची ही कंपनीची प्लॅस्टिकची पिशवी आता फाडू नकोस. वर्षभर फाडली नाहीस, तशीच राहू दे."