नाव

"नवऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही, पोरी. देवीसमोरसुद्धा नाही. तिला न सांगता कळतं."

सासू जाऊन किती पावसाळे उलटले, तरी बोंबील टांगायला बसलं की तिचा आवाज देवकीच्या कानाशी यायचाच. आज तर तो जातच नव्हता. समोर चंदर उभा होता, आणि त्याला उत्तर हवं होतं.

डहाणूजवळच्या आगर गावच्या किनाऱ्यावर उन्हं चढत होती. शेजारी देवकीच्या वारलेल्या नवऱ्याची, नारूची, सख्खी आत्या भिकी बोंबलांच्या जोड्या लावत होती, जबड्यात जबडा अडकवून.

"एकटा बोंबील टांगता येतो का गो?" ती कुणाकडेच न बघता म्हणाली. "डहाणू महाराष्ट्रात जाणार का गुजरातेत, ते सुदिक ठरत आलंय. तुझं काय ठरना."

विधवेचा पाट लावायला, तिचं पुन्हा लग्न करायला, जातीत कुणाची ना नव्हती. आत्यानंच तर ही गोष्ट काढली होती. अडत होतं ते देवकीपाशी. पाट लागायचा तर महालक्ष्मीच्या नावानं लागणार, आणि नारू गेल्यापासून देवकीनं महालक्ष्मीशी अबोला धरला होता. घरात देवीपुढे दिवासुद्धा लावला नव्हता.

"वैनी..." चंदर बोलता बोलता थांबला. नारूच्या होडीवर खलाशी होता, तोवर वैनी ठीक होतं. "देवकी, माझ्यात काय खोट हाय ते सांग. मी वाटेला लागेन."

"तुझ्यात नाय. तिच्यात हाय." देवकीनं उगवतीकडं मान केली. तिकडं कासाच्या बाजूला देवीच्या डोंगराचा सुळका दिसत होता. "वादळाच्या दिवशी हितंच उभी राहून नवस बोलले. पायी येईन, नारळ वाहीन म्हणाले. ऐकलं तिनं?"

"काय मागितलंस?"

"तुला ठाऊक नाय?"

"त्याचं नाव घेतलंस?"

देवकी चपापली. "नवऱ्याचं नाव कोण घेतं? होडी म्हणाले मी. आई, आमची होडी घरी आण."

आत्याचे हात थांबले.

होडी घरी आली होती. डोलकाठी मोडलेली, नारू नसलेली. तळाशी, मनगटाला दोर गुंडाळून घेतलेला, अर्धमेला चंदर.

चंदर वाळूकडं बघत राहिला. "माझ्यासाठी नवस बोलायला कोण नव्हतं," तो हळूच म्हणाला. "ना आई, ना बाप. मी कसा वाचलो, म्हणून मलाच कोडं पडायचं. तुझ्या शब्दात बसून आलो मी."

देवकीला संताप आला. मग तो का नाही बसला त्या शब्दात, असं समुद्राला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. हातातला बोंबील तिनं घट्ट दाबला. चंदर हलला नाही. आणि तिच्या तोंडून निघालं ते निराळंच.

"म्हणजे नवस फेडायचा राहिलाय."

दुसऱ्या दिवशी चैत्री पुनव, देवीच्या जत्रेचा दिवस. उजाडता उजाडता देवकीनं देवीच्या तसबिरीवरची धूळ पदरानं पुसली, वात वळली, दिवा लावला. हात जोडले, पण बोलली काही नाही. नारळ घेतला आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं.

आत्या आडवी आली. "अगो, खूळ लागलं काय? आधी पाट लागू दे, मग जोडीनं जा. रीत तशीच हाय. दोघांचा नमस्कार एकदम होईल."

"जोडीनं गेले तर त्याचं नाव घेता यायचं नाय, आत्या."

"मग? देवीला कळत नाय काय?"

"कळत असंल. या खेपेला मी सांगणार." देवकीनं नारळ पदरात गाठ मारून बांधला. "पाट लागला की चंदर नवरा, मग तोंड बंद. आज घेता येतं."

आत्या बाजूला झाली.

किनाऱ्यावर नव्या डोलकाठीला दोर बांधत असलेल्या चंदरनं वर पाहिलं. तिनं त्याला हाक मारली नाही. खाजणाच्या बांधावरून ती उगवतीकडं चालू लागली, आणि पावलागणिक तिचे ओठ हलत होते.